कॅसेट एकच घरी न्यायची

घरी सिनेमा बघण्याबद्दलच्या प्रश्नांचं हे सदर. उत्तरं देणारी मी कुणी समीक्षक नाही. सांगलीत आमची व्हिडिओ लायब्ररी होती आणि ती बंद होईपर्यंत गल्ल्यावर मी बसायचे, एवढीच माझी पात्रता. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं भावंडांची किंवा त्यांच्या आईवडिलांची आहेत.

मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असं आम्ही ठरवलंय. पण जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलं की निवडण्यातच पाऊण तास जातो. तिला भुताचं नाहीतर कोरियन हवं असतं, त्याला मारामारीचं. शेवटी हे वैतागून टीव्ही बंद करतात, ती मोबाइल घेऊन आत जाते आणि तो रडत झोपतो. काय करावं? – एक आई, नाशिक

‘टीव्हीसमोर बसलं की’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. सगळं बिनसतं ते तिथेच.

आमच्या दुकानात येणारी भावंडं भांडायची नाहीत असं अजिबात नाही. दोघं एकेक कॅसेट छातीशी धरून अशी हटून बसायची, की मागे थांबलेली गिऱ्हाइकं मध्यस्थी करायची. पण ते भांडण दुकानात व्हायचं आणि दुकानातच मिटायचं, कारण घरी एकच कॅसेट जायची. दहा रुपये भाडं, दुसऱ्या दिवशी परत. नाही आवडली तर बदलायला पुन्हा सायकल हाणत गणपती पेठेत कोण येतंय? मग ‘आणलीय तर बघू’ म्हणून अर्धा तास बघायचे, आणि अर्ध्या तासानंतर बरेच सिनेमे बरे वाटायला लागतात. आता पुढचा सिनेमा बोटाखाली असतो, त्यामुळे समोर लागलेला कुठलाच धड वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे निवड शनिवार रात्रीतून उचला आणि गुरुवारी नाहीतर शुक्रवारी जेवताना उरका. टीव्ही बंद असताना. एका आठवड्यात ताईने तीन नावं सुचवायची आणि भावाने त्यातलं एक उचलायचं. पुढच्या आठवड्यात उलट. एकाने वडी कापायची आणि आधी दुसऱ्याने उचलायची, तोच न्याय. तीन नावं देणाऱ्याला आपोआप समोरच्याचा विचार करावा लागतो, कारण तिन्ही भुताची दिली तर भाऊ त्यातलं सगळ्यात रटाळ निवडणार हे तिला पक्कं माहीत असतं. पहिल्या खेपेला आठ वर्षांचा मुलगा एकाच मालिकेतले तीन भाग सुचवेल. सुचवू दे. ताईने नाक मुरडत का होईना, त्यातला एक उचलायचा. महिनाभरात तोच विचारायला लागेल, ‘ताईला काय आवडेल?’

तुमचं आणि ह्यांचं मत या निवडीत धरायचं नाही. तुम्ही फक्त तीन गोष्टी बघायच्या: कुठल्या वयासाठीचा सिनेमा आहे, किती लांब आहे आणि कुठल्या भाषेत आहे. भाषेकडे फार कमी घरांत लक्ष जातं. आठ वर्षांच्या मुलाला खालची अक्षरं त्या वेगाने वाचता येत नाहीत. तो पहिली दहा मिनिटं प्रयत्न करतो, मग उशी फेकायला लागतो आणि घरचे म्हणतात, याला सिनेमा बघायचाच नसतो. कोरियन सिनेमा हिंदीत भाषांतरित आवाजासह असेल तर लावा, नसेल तर तो या यादीत घेऊच नका. ताईने शेजारी बसून वाचून दाखवायचं हा तोडगा मात्र नको. त्यात दोघांचाही सिनेमा जातो.

लांबीचं म्हणाल तर एवढ्या लहान मुलाला दीड तास पुष्कळ झाला. हिंदी-मराठी सिनेमा अडीच तासांचा असला तर मध्यंतराची पाटी येईल तिथे थांबवा आणि उरलेला रविवारी सकाळी लावा. आपल्याकडचे सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे थांबलं तर चुटपूट लागते पण तुटल्यासारखं होत नाही. घड्याळ बघून कुठेही थांबवलं की मूड जातो.

अजून एक, जरा तांत्रिक. टीव्हीवरच्या ॲपमध्ये दोघांची मिळून एक वेगळी प्रोफाइल काढा. ताईच्या प्रोफाइलवर उघडलं की भुतं दिसतात, त्याच्या प्रोफाइलवर उघडलं की कार्टून, आणि दोघंही दुसऱ्याच्या यादीला हसतात. सामाईक प्रोफाइलमध्ये ठरलेली तीन नावंच जमा करून ठेवा. सिनेमाच्या नावावर जाताच आपोआप झलक सुरू होते, ती सेटिंगमधून बंद करता येत असेल तर करा. पाऊण तासातला निम्मा वेळ त्या झलकाच खातात.

आणि भुताचे सिनेमे मुलीला मैत्रिणींबरोबर बघू द्या. प्रत्येक आवड घरादाराने मिळून जपायची नसते. दर शनिवारचा हट्टही सोडा. चौदाव्या वर्षी एखाद्या शनिवारी दार लावून बसावंसं वाटणारच.

काकू, मी आठवीत आहे. माझा भाऊ सहा वर्षांचा आहे. घरी नेहमी त्याच्याच आवडीचं लागतं. मी काही बोलले की आई म्हणते, तू मोठी ना, समजून घे. आणि तो दर वेळी एकच सिनेमा लावतो! मला तो सगळा पाठ झालाय. – एक वाचक, चिपळूण

अगं, तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. एकीत तुझं शंभर टक्के बरोबर आहे. दुसरीत तुझ्या भावाची बाजू घेणार आहे, रागावू नकोस.

आधी त्याचं सांगते. आमच्याकडे हरभट रोडवरून एक मुलगा यायचा. दर शनिवारी तीच कॅसेट. शेवटी त्या फितीवर मारामारीच्या जागी पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा थांबवली, मागे घेतली की फीत तिथेच झिजते. रेघा बघूनच मला कळायचं, कुठला प्रसंग त्याने किती घोटलाय. लहान मुलांना पुढे काय होणार हे माहीत असण्यातच मजा येते. तुला जी गोष्ट कंटाळवाणी वाटते, ती त्याच्यासाठी खात्रीची आहे. भीतीची जागा येणार, ती संपणार, मग सगळे हसणार. आणि दर वेळी त्याला त्यात काहीतरी नवीन दिसत असतं, फक्त ते त्याला सांगता येत नाही. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षानंतर हे आपोआप ओसरतं. तेव्हा त्याचा तो सिनेमा त्याच्याकडून काढून घेऊ नका. पण तू शेजारी बसलंच पाहिजेस असंही नाही.

आता तुझं. ‘मोठी ना’ हे कारण सिनेमा निवडायला चालत नाही. चप्पल आधी कुणी घालायची, शेवटचा लाडू कुणाला, इथे एक वेळ चालेल. (तिथेही रोज नको.) आईला हे पत्र दाखव आणि माझ्या नावाने सांग: एक शनिवार त्याचा, एक तुझा. तुझ्या शनिवारी सिनेमा तू निवडायचास. अट एकच, तो सहा वर्षांच्या मुलाला भीती न वाटता बघता यावा. आणि तुला जे खरंच मोठ्यांचं बघायचंय, ते तो झोपल्यावर आईबरोबर, महिन्यातून एकदा. ते तुझं आणि आईचं. त्याला सांगायचंही नाही.

तुझ्या पहिल्या शनिवारसाठी दोन नावं देते, दोन्ही बहीणभावांचीच आहेत. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४, दिग्दर्शक परेश मोकाशी) पंढरपुरात घडतो. वडिलांनी बनवलेली सायकल कर्जापायी विकायची वेळ येते, तर ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण ऐन कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचा धंदा मांडून पैसे जमवायला निघतात. तुझ्या भावाला सायकल आणि गोंधळ आवडेल, तुला त्या आईचा चेहरा दिसेल. दुसरा इराणचा, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७, माजिद मजिदी). बहिणीचे दुरुस्त केलेले बूट भाऊ हरवतो आणि मग दोघं एकच जोड आळीपाळीने वापरतात. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती धावत घरी येणार, गल्लीत बूट बदलणार, तो धावत जाणार. हा फारसीत आहे, पण गोष्ट इतकी पायांनीच सांगितलीय की तुझ्या भावाला एखाददुसरं वाक्य तू सांगितलंस तरी पुरे.

सात वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. दोघांसाठी म्हणून जपानी ॲनिमेशन लावलं. एका बहीणभावाची गोष्ट होती. मुलगी इतकी रडली की दोन रात्री आमच्याजवळ झोपली. कार्टूनमध्ये असं काही असतं का? – एक बाबा, ठाणे

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून तो ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ असावा. युद्धाच्या काळात आईवेगळ्या झालेल्या भावाबहिणीची उपासमार. भावाचा मृत्यू तर सुरुवातीलाच दाखवलाय. गंमत अशी की हा आणि ‘माय नेबर टोटोरो’ हे दोन्ही सिनेमे एकाच स्टुडिओचे, आणि जपानमध्ये १९८८ साली एकाच दिवशी, एकाच तिकिटावर जोडीने लागले होते. ‘टोटोरो’तही दोन बहिणी आहेत आणि आई दवाखान्यात आहे, पण तिथे झाडामागून एक मोठा केसाळ प्राणी येतो आणि पाच वर्षांचं मूलसुद्धा खूश होतं. चित्रं दोन्हीकडे तितकीच सुंदर. हाताने काढलेलं चित्र बघून वयाचा अंदाज बांधता येत नाही.

अंदाज बांधायला दुसरी सोय आहे, ती वापरा. आपल्याकडे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांना ‘यूए’ असं एकच मोघम प्रमाणपत्र असायचं, त्याचे २०२४ पासून सिनेमांसाठी तीन तुकडे झाले: यूए ७+, १३+ आणि १६+. घरी ॲपवर येणाऱ्या सिनेमा-मालिकांना तर २०२१च्या नियमांपासूनच हे तीन गट लागू आहेत. सुरुवातीलाच हा आकडा दाखवावा लागतो, सोबत हिंसा, भाषा, भीती असं कारणही. तो कोपरा आपण ‘स्किप’ करतो, तो करू नका. १३+ आणि त्यापुढच्या गोष्टींना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. चार आकड्यांचा तो पिन मुलांचा वाढदिवस ठेवू नका. बारा वर्षांचा मुलगा पहिल्या झटक्यात उघडेल.

भावंडांमध्ये पाच वर्षांचं अंतर असेल तर आकडा नेहमी धाकट्याच्या वयाने बघायचा. आणि त्या सिनेमाचं: मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्याशी तुम्ही एकट्याने जरूर बोला. त्यालाही रडू आलं असणार, आणि बहीण रडत असताना घरात त्याच्याकडे कुणी बघितलं नसणार.

आम्ही बहीणभाऊ पुण्यात एकत्र राहतो. तो सिनेमा आधी बघून येतो आणि मग माझ्याबरोबर बघताना ‘आता बघ, आता बघ’ करतो. – एक त्रासलेली बहीण

त्याला चहा करायला पाठवत जा. ‘आता बघ’ची जागा आली की बरोबर तेव्हा.

मी न्यू जर्सीत, दादा पुण्यात, आई साताऱ्यात एकटी. बाबा गेल्यापासून आम्ही तिघं फोनवर फक्त गोळ्या, बिलं आणि कामवाल्या मावशी यावरच बोलतो. आठवड्यातून एक सिनेमा तिघांनी एका वेळी बघावा असं मनात आहे. जमेल का? – एक मुलगी

जमेल. यात अडचणी आहेत त्या यंत्राच्या, मनाच्या नाहीत.

आधी वेळ. तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेआठ म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे सहा. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं तासभर मागे जातात, मग तुमचे तेच साडेआठ म्हणजे आईचे सात. म्हणजे बरोब्बर तिच्या मालिकांची वेळ! तेव्हा हिवाळ्यात तासभर लवकर उठा. आईला मालिका सोडायला लावू नका, पहिल्याच महिन्यात हा बेत बारगळेल.

व्हिडिओ कॉलवर आपला पडदा दाखवून सिनेमा लावायचा प्रयत्न करू नका. बहुतेक ॲप चोरी रोखण्यासाठी तसं करू देत नाहीत, समोरच्याला काळा पडदा दिसतो आणि आईला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. तिघांनी आपापल्या टीव्हीवर लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दादाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं. दोन-चार सेकंदांचा फरक पडतोच. आई तुमच्या आधी हसली तर तिला हसू द्या.

सिनेमांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे दादाला दिसणारा सिनेमा तुम्हाला दिसेलच असं नाही. ठरवायच्या आधी दोन्हीकडे शोधून घ्या. बरेच जुने मराठी सिनेमे हक्क असलेल्या कंपन्यांनी स्वतःच यूट्यूबवर टाकलेले आहेत, तिथे काम सोपं होतं.

निवड आईने करायची. ती म्हणेल, ‘तुम्हाला आवडेल ते लावा.’ सगळ्या आया हेच म्हणतात. आमच्या दुकानात बायका स्वतःसाठी कॅसेट मागतच नसत. मुलांची एक, ह्यांची एक, आणि मग पर्स बंद करता करता, ‘ते जरा जुनं काही असेल तर…’ तेव्हा आईला कुठला सिनेमा आवडतो असं विचारू नका. लग्नानंतर पहिला सिनेमा कुठे बघितला, कुणाबरोबर गेली होती, हे विचारा. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा लागायचा, तेव्हा कुणाच्या घरी जमायचे, सतरंजीवर शेजारी कोण बसायचं, मध्येच बातम्या लागल्या की कोण उठून वरणाला फोडणी देऊन यायचं, हे विचारा. नावं आपोआप बाहेर येतील. एखादा सिनेमा असा निघेल की तो तिने आणि बाबांनी मिळून बघितलेला असेल. तो पहिल्याच शनिवारी लावू नका. दादा साताऱ्याला जाऊन तिच्या शेजारी बसणार असेल त्या दिवसासाठी ठेवा. पुण्याहून दोन-अडीच तासांचा तर रस्ता आहे, महिन्यातून एक शनिवार त्याने काढायलाच हवा.

सिनेमा संपला की लगेच फोन ठेवू नका, आणि गोळ्यांचा विषय त्या दिवशी काढू नका.

आम्ही दोघे भाऊ, सत्तरी ओलांडलेले, एकत्र राहतो. रोज रात्री एक जुना सिनेमा बघतो. मला बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की गाण्याला दादाच्या कानठळ्या बसतात. शिवाय नवीन टीव्हीवर जुने सिनेमे विचित्र दिसतात, असं दादाचं म्हणणं. – एक वाचक, कोल्हापूर

दादांचं म्हणणं खरं आहे, आणि तुमचंही.

आवाजाचं आधी. थिएटरसाठी आवाज पाच-सहा बाजूंना वाटून दिलेला असतो आणि बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली नाहीतर मागे तोंड करून. त्यात बोलणं बुडतं. सिनेमा चालू असताना आवाजाच्या पर्यायांत जा. तिथे ‘५.१’ आणि ‘स्टिरिओ’ असे दोन दिसले तर स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा किंवा रात्रीसाठीचा पर्याय असतो. रात्रीच्या पर्यायात मोठे आवाज दबतात आणि लहान आवाज वर येतात, म्हणजे दादांचे कान वाचतात. टीव्ही शोकेसच्या खोबणीत आत बसवला असेल तर चार बोटं पुढे ओढा. जुन्या सिनेमांचा आवाज मुळातच एकाच वाटेने ध्वनिमुद्रित केलेला असतो, तिथे स्टिरिओने फरक पडणार नाही, रात्रीच्या पर्यायाने पडेल. तरीही नाहीच ऐकू आलं तर मात्र कान तपासून घ्या. टीव्हीच्या नावावर किती दिवस ढकलणार?

चित्राचं असं की सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं या हिशोबाने काढलेला असतो. नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत करायला मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतात, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ असं काहीतरी नाव असेल, ते बंद करा. किंवा ‘सिनेमा’ अथवा ‘फिल्ममेकर’ नावाचा पर्याय असेल तर तो लावा. आणि कृष्णधवल सिनेमात माणसं बुटकी, गाल फुगलेले दिसत असतील तर टीव्ही चौकोनी चित्र ताणून सगळा पडदा भरतोय. चित्राचा आकार मूळ म्हणजे ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते तसेच असू द्या. नायिका पुन्हा शेलाटी दिसेल.

एवढं सगळं करायला पुतण्या आला की त्याला रिमोट द्या, पण काय काय बदललं ते एका कागदावर लिहून घ्या. टीव्ही स्वतःच अपडेट होतो तेव्हा कधीकधी हे सगळं पुन्हा पहिल्यासारखं होऊन बसतं.